कढईतल्या शहराची टोपी

ला पाझ हे शहर मी पाहिलेलं नाही. पाहायची इच्छाही नाही, कारण तिथं विमानातून उतरल्या उतरल्या माणसाचं डोकं ठणकायला लागतं आणि दोन दिवस अंथरुणावर पडून राहावं लागतं म्हणे. अंथरुणावर पडून राहायला मँचेस्टर काय वाईट आहे? पण त्या शहराचा उतार कुठून कुठं आहे, वारा कुठून शिरतो, पैसेवाले कुठं राहतात आणि बाकीचे कुठं, हे मला झोपेतून उठवून विचारा. फलटणच्या बाजारपेठेत मी चाळीस वर्षं टोप्या शिवल्या. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही तिसरी दोनदा. भूगोलाचं पुस्तक हातात यायच्या आधीच माझ्या हातात कात्री आली. त्यामुळं मला येणारा भूगोल हा शेजारणीनं शिकवलेला आहे, आणि भांडून शिकवलेला आहे. भांडून शिकलेलं विसरत नाही.

बायको गेल्यावर मुलानं मला इकडं आणलं. तो कॉम्प्युटरवाला. सकाळी ट्रामनं जायचा, सातला परत. सूनबाई हॉस्पिटलात, तिच्या शिफ्टा. मी दिवसभर एकटा आणि खिडकी. घरं अशी की एकाची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत, सगळी लाल विटांची, सगळ्यांची दारं सारखी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली. मुलगा म्हणाला, अण्णा, नंबर बघत जा. मी म्हटलं, घर ओळखायला नंबर लागतो ते कसलं घर.

पलीकडच्या घरात एक बाई राहायची. साठीची, ठेंगणी, अंगानं भरलेली, पाठीवर दोन वेण्या. सूनबाईच्याच हॉस्पिटलात साफसफाईला होती, त्यामुळं दोघींची ओळख. बोलिव्हियातल्या त्या ला पाझची, नवरा वारलेला. आठवडाभर ती इतर बायकांसारखीच दिसायची. पण रविवारी चर्चला जाताना डोक्यावर टोपी. तपकिरी, गोल, जाड लोकरीची. छोटं पातेलं उपडं घातल्यासारखी. पहिल्यांदा खिडकीतून पाहिली तेव्हा माझा चहा गार झाला. ती टोपी डोक्यात बसलेली नव्हती, डोक्यावर नुसती ठेवलेली होती. तीही जरा एका बाजूला. वारा सुटलेला, आणि बाईचा हात टोपीला नाही!

धंद्यातल्या माणसाला असं बघून गप्प बसवत नाही. पुढच्या रविवारी मी माझी पांढरी टोपी चढवून दारात उभा राहिलो. ती बाहेर पडली तशी मी तिच्या टोपीकडं बोट करून म्हटलं, स्मॉल. तिनं माझ्या टोपीकडं बघितलं आणि विचारलं, पेपर? म्हणजे तिला वाटलं, मी कागदाची होडी डोक्यावर घातलीय. कडक खादीची, हातानं खळ घातलेली टोपी! तिथून आमचं सुरू झालं.

बुधवारी तिला सुट्टी. अकराच्या सुमाराला ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. बोलणं इंग्रजीत. तिच्याजवळ जेवढे शब्द, त्याच्या निम्मे माझ्याजवळ, बाकीचं हातांनी. इथं मी ते मराठीत लिहितोय. सूनबाईचं ऐकून ती मला अण्णा म्हणायची, मी तिला ताई. इंग्रजीत ती मला तू म्हणत होती की तुम्ही, ते कळायला मार्ग नाही. मी तुम्ही धरून चालतो.

एका बुधवारी मी विचारलं, तुझं गाव कसं आहे? तिनं इकडंतिकडं बघितलं. सिंकमध्ये सकाळच्या पोह्यांची कढई पडलेली. तिनं ती उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, असं. कढईच्या तळाशी शहर, चारही बाजूंनी अंगावर येणारे उतार, उतारांवर विटांची घरं एकावर एक चिकटलेली, आमच्या पोह्यांसारखी. कढईच्या काठावर सपाट माळ, त्या माळावर दुसरं शहर, त्याचं नावच मुळी ‘वरचं’. तिचं माहेर तिथं. विमानतळही तिथंच. विमानातून उतरायचं आणि मग गाडीनं कढईत उतरायचं. आणि लांब, जिथं आमचं मसाल्याचं कपाट आहे तिथं, तीन शिखरांचा बर्फाचा डोंगर. तो शहरात कुठूनही दिसतो. तिथली माणसं सकाळी उठून आधी त्याच्याकडं बघतात. नदी आहे, पण ती शहरात दिसत नाही, तिच्यावर रस्ते बांधलेत. माणसं नदीवरून चालतात आणि त्यांना पत्ता नसतो.

उंची किती, तर सूनबाईनं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं: कळसूबाईवर दुसरी कळसूबाई उभी केली तरी त्या शहराच्या मधल्या चौकाला हात लागत नाही. एवढं मी मान्य केलं. आकड्यांशी मी भांडत नाही.

पण पुढं ती म्हणाली की पैसेवाले कढईच्या अगदी तळाला राहतात आणि गरीब वर काठावर. इथं मी कढई तिच्या हातातून काढून घेतली. हे शक्य नाही, म्हटलं. पैसेवाला माणूस वर राहतो. मुंबईत टेकडीवर कोण राहतं? गडावर राजा आणि पायथ्याला आम्ही, ही जगाची रीत आहे. ती म्हणाली, तळाला हवा दाट आहे, ऊब आहे, बागेत फुलं येतात. वर वारा कान कापतो. मी म्हटलं, मग तळाला राहणारे ते पैसेवाले नसतील, नुसतं दाखवत असतील. तिनं तिच्या भाषेत एक शब्द टाकला. अर्थ मला माहीत नव्हता, पण सूर ओळखीचा होता. माझी बायको त्याच सुरात बोलायची.

इतिहासही असाच अंगावर आला. स्पेनच्या लोकांनी ते शहर आधी वरच्या माळावर वसवलं. चारदोन दिवसांत वाऱ्यानं त्यांची दातखीळ बसली आणि ते सामान उचलून कढईत उतरले. नदीत सोनं सापडत होतं, तेही कारण. मी म्हटलं, वाऱ्याचं निमित्त, सोनं खरं. ती म्हणाली, हे तुम्हाला बरोबर कळतं. मग दोन-अडीचशे वर्षांनी वरच्या माळावरची तिची माणसं, म्हणजे मूळची तिथली, उठली आणि त्यांनी काठावर बसून खालच्या शहराला वेढा घातला. महिनोन्‌महिने. खाली खायला उरलं नाही, लोकांनी कुत्री-मांजरं खाल्ली, चामडं उकळून खाल्लं. नदी वर अडवून एकदम सोडून दिली.

मी हात वर केला. थांब, म्हटलं. मी सह्याद्रीतला माणूस आहे. वेढा खालून घालतात. वरच्याची रसद तोडायची आणि खाली भाकरी खात बसायचं. वरून वेढा घालणारा माणूस मी ऐकला नाही. ती म्हणाली, गाव कढईत असेल तर वेढा काठावरूनच पडणार. मी म्हटलं, मग तो वेढा नव्हे, दुसरं काहीतरी. त्यावर ती चहा अर्धा टाकून घरी गेली. पुढच्या बुधवारी आली, तेव्हा विषय मीच काढला नाही.

एकाच गोष्टीवर आमचं एकमत होतं, टोपीवर. त्या टोप्या म्हणे पहिल्यांदा बोटीतून आल्या, आणि आल्या त्या आमच्या या मँचेस्टरकडून. रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी मागवलेल्या. निघाल्या लहान. कुणा व्यापाऱ्यानं डोकं चालवलं आणि बायकांना सांगितलं, युरोपात सगळ्या बायका हेच घालतात. झालं, खपल्या. ताई म्हणाली, खरं-खोटं देव जाणे, आई सांगायची. मी म्हटलं, शंभर टक्के खरं. एका वर्षी माझ्या कारागिरानं सहा डझन टोप्या बोटभर आखूड कापल्या होत्या. मी त्या ‘पुणेरी कट’ म्हणून विकल्या. गिऱ्हाइकं दुसऱ्या वर्षी तोच कट मागायला आली.

ताईची नि माझी ओळख झाली त्याच वर्षी फुटबॉलवाल्या मोठ्या लोकांनी फतवा काढला की एवढ्या उंचावर मोठे सामने खेळायचे नाहीत, पाहुण्यांना दम लागतो. ताई तीन बुधवार तेवढंच बोलत होती. आम्ही खाली येऊन खेळतो तेव्हा आम्हाला गरम होतं, त्याचं काय? हे मात्र मला पटलं, आणि पटलं असं मी सांगितलंही. ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली.

आता टोपीचं सांगतो. सांगणार नव्हतो, पण सूनबाई म्हणते लिहा, तर सगळं लिहा.

बारा वर्षांनी ताई पहिल्यांदा घरी निघाली. शनिवारी पहाटेचं विमान. टोपीच्या आतली घामाची पट्टी उसवून लोंबत होती. सूनबाई तिला म्हणाली, अण्णांना दे, त्यांचा टोप्यांवर हात बसलाय. बुधवारी ताईनं टोपी कापडात गुंडाळून आणली आणि एक बोट वर करून मला सांगितलं, फक्त पट्टी.

पट्टी मी वीस मिनिटांत बसवली. बारीक टाका, बाहेरून दिसणार नाही असा. मग टोपी समोर ठेवून बसलो आणि बघत राहिलो. बारा वर्षांची धूळ. कडेला घामाचा पांढरा पट्टा. काठ एका बाजूनं झोपलेला. ही अशी परत द्यायची? माझ्या दुकानातून मळकी टोपी कधी बाहेर गेली नाही. गिऱ्हाईक बटण लावायला आलं तरी टोपी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून जायची. टोपी म्हटली की खळ. चाळीस वर्षांत टोपी म्हणून जे जे हातात आलं त्याला मी खळ घातली होती, आणि एकाही टोपीनं तक्रार केली नव्हती.

मी कडकडीत पाणी काढलं. धुण्याची पावडर टाकली. चांगली चोळली. पिळली. साबुदाणा शिजवून दाट खळ केली, तीत बुडवली आणि हॉलमधल्या हीटरवर वाळत घातली.

चार वाजता बघितलं तर हीटरवर वरणाची वाटी होती. खरं सांगतो, मी आधी टोपी शोधली. मग कळलं की हीच ती. काठ बाजरीच्या शिळ्या भाकरीसारखा वर वळलेला. बोटानं वाजवली तर टक्‌टक्‌ वाजली. डोक्यावर ठेवून बघितली. डब्याच्या झाकणासारखी उभी राहिली. तेव्हा कुठं लक्षात आलं की खादी वेगळी आणि मेंढीची लोकर वेगळी. लोकर गरम पाण्यात अंग चोरते. हे आमच्याकडच्या कुठल्याही धनगरानं मला सांगितलं असतं. पण विचारायला जवळ धनगर नव्हता.

टोपी मी तांदळाच्या डब्यामागं लपवली. कुणाला बोललो नाही. गुरुवारी दिवसभर दोष कुणाला द्यायचा याचा विचार केला. आधी हीटरला दिला. मग पावडरीला. मग त्या मेंढीला. जेवताना सूनबाईनं विचारलं, झाली का टोपी? मी म्हटलं, चाललंय.

शुक्रवारी सकाळीच बेल वाजली. घरात मी एकटाच. ताई दारात, कोट घालून, सामान बांधून झाल्याचं तोंडावर. मी म्हटलं, अजून झाली नाही. ती म्हणाली, एवढीशी पट्टी, आणि अजून नाही? आणि आत येऊन बसली. मी चहा ठेवला. चहाला जितका वेळ लावता येतो तितका लावला.

ती आईबद्दल बोलायला लागली. आई ऐंशीच्या पुढची, वरच्या माळावरच असते, नजर गेलेली. कोण आलं ते हातानं बघते. टोपी आईचीच. बारा वर्षांपूर्वी विमानतळाच्या दाराशी आईनं स्वतःच्या डोक्यावरची काढून हिच्या डोक्यावर ठेवली आणि त्या वाऱ्यात उघड्या डोक्यानं उभी राहिली. घराबाहेर आईचे केस तिनं तेवढे एकदाच बघितले. ताई म्हणाली, उद्या मी गेले की आई माझ्या तोंडाला हात लावणार नाही, आधी टोपीला लावेल.

मी उठलो. तांदळाचा डबा बाजूला केला आणि टोपी तिच्यासमोर ठेवली.

तिनं हात लावला नाही. टेबलावर तिच्या आणि माझ्या मधे ती वाटी. 

“हे काय केलंत?”

“धुतली.”

“मी सांगितलं होतं?”

“नाही.”

मला हीटर आठवला. पावडर आठवली. तयार करून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी टोपी बदलून दिलीय, फुकट दिलीय, एकाला तर दुकानातून घालवून दिलंय, पण जे शब्द कधी बोललो नाही ते बोलायची वेळ आली. बायकोलाही कधी बोललो नव्हतो, आणि तिला ते ऐकायचे होते हे मला माहीत होतं.

“ताई, माझं चुकलं.”

तिनं टोपी उचलली. उलटी करून पट्टीचा टाका बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. मग नखानं काठ वाजवला आणि विचारलं, हे कडक कशानं झालं? मी साबुदाण्याची पिशवी दाखवली. तिनं एक दाणा हातावर घेऊन बघितला. हसली नाही. फळीकडं बोट करून म्हणाली, तो खाली काढा.

तो म्हणजे कुकर. तिच्या शहरात कुकरावाचून घर चालत नाही. इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं पण त्यात धग नसते, डाळ दिवसभर खदखदली तरी दाताखाली येते. यावरूनही आमचं पूर्वी वाजलं होतं, कारण उकळलेलं पाणी ते उकळलेलं पाणी, हे माझं मत. पण त्या सकाळी मी मत मांडलं नाही. तिच्या गावात टोप्यावाल्यांची एक गल्ली आहे. तिथं टोपी वाफेवर धरतात, लोकर ढिली झाली की लाकडी ठोकळ्यावर ताणतात. तसंच करायला ताईनं आधी कोमट पाण्यानं माझी सगळी खळ काढून टाकली. मग कुकरात पाणी, वर शिट्टी न ठेवता झाकण. वाफेची धार सरळ छताकडं निघाली. तिनं चिमट्यानं टोपी त्या धारेवर धरली आणि गोल गोल फिरवली. घरभर ओल्या मेंढीचा वास.

ठोकळा मात्र मिळेना. पातेलं मोठं, तांब्या लहान, पिठाचा डबा चौकोनी. ताईनं घरातली सगळी भांडी डोळ्यांनी मापली आणि शेवटी नजर माझ्यावर येऊन थांबली.

“टोपी काढा.”

परक्या बाईसमोर मी बोडक्यानं कधी बसलेलो नाही. पण त्या दिवशी माझ्याकडं बोलायला तोंड नव्हतं. टोपी काढून टेबलावर ठेवली. तिनं मला स्टुलावर बसवलं, डोक्यावर भांडी पुसायचं फडकं घडी करून घातलं, आणि वाफाळलेली टोपी त्यावर दाबली. दोन्ही हातांनी काठ धरून खाली ओढायला लागली. सफाईचं काम करून कमावलेले हात ते. माझी मान खांद्यात गेली. पुन्हा वाफ, पुन्हा डोकं. पुन्हा वाफ. तिसऱ्या वेळी ओढता ओढता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “श्रीमंत कुठं राहतात?”

“वर.”

तिनं ओढली.

“खाली,” मी म्हटलं.

“आणि वेढा?”

कानांपर्यंत गरम लोकर आलेली. वरून एक बाई सगळ्या वजनानिशी बसलेली, खाली हलायला जागा नाही.

“वरूनही पडतो,” मी म्हटलं. “पडू शकतो.”

तेव्हा ती हसायला लागली. हसताना हात ढिले पडले म्हणून मी वाचलो. पण टोपी माझ्या डोक्यावरून काढू देईना. गार होईपर्यंत हलायचं नाही, म्हणाली. मी तासभर तसाच बसून राहिलो आणि ती समोर बसून मला तिचं गाव सांगत राहिली. उतारावरच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्या बायका कुठं टेकतात. पाऊस झाला की कुठल्या बाजूची माती खाली सरकते. संध्याकाळी वर उभं राहिलं तर खालच्या कढईत दिवे कसे लागत जातात, आधी तळाला, मग कडेकडेनं वर. मी एकदाही मधे बोललो नाही. मान हलवली असती तर टोपी वाकडी वाळली असती.

शेवटी तिनं ती काढली. काठ सरळ, घुमट गोल. मूळच्यापेक्षा बोटभर लहान राहिलीच. लोकरीनं गेलेलं सगळं परत दिलं नाही. ताईनं मायक्रोवेव्हच्या काचेत बघून ती डोक्यावर ठेवली, एका बाजूला कलती केली. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. टोपी हलली नाही. मग डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी चाचपून बघितली, आई बघेल तशी. सावकाश. माझा जीव तिच्या बोटांत होता.

“आई म्हणेल, तिकडं जाऊन पोरीचं डोकं फुगलं,” ती म्हणाली.

“म्हणू दे,” मी म्हटलं. “डोक्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. टाक्याला नाव ठेवलं तर मला कळव.”